घरात लाइटखाली कोथिंबीर, मेथी आणि मिरचीची रोपे: लाइट घेण्यापासून तास ठरवण्यापर्यंत

पावसाळा लागला की इंदुरात पोह्यांवरची कोथिंबीर विरळ होते. जुडीचा भाव ऐकून माणूस घरी येतो, मोबाइलवर ‘ग्रो लाइट’ शोधतो, एक जांभळा दिवा मागवतो आणि तीन आठवड्यांनी मला फोटो पाठवतो. फोटो नेहमी एकच: वीतभर लांब पांढुरके देठ, टोकाला दोन पाने, आणि अर्धी रोपे मान टाकून पडलेली. खाली प्रश्न, “मावशी, लाइट तर शंभर वॅटचा घेतलाय, मग?”

चूक लाइटची कमी आणि उसन्या आकड्यांची जास्त असते. घरातल्या लाइटबद्दल इंटरनेटवर जे सापडते, त्यातले बरेचसे परदेशातल्या गांजा पिकवणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गांजाची विनापरवाना लागवड हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथेच संपला. पण त्यांचे आकडे मात्र आपण डोळे झाकून उचलतो: आधी १८ तास लाइट, मग १२ तास, आणि प्रकाश इतका प्रखर की कोथिंबीर करपावी. ते झाड दिवस लहान झाला की फुलते. कोथिंबीर आणि मेथी नेमक्या उलट्या: दिवस मोठा झाला की त्यांना फुलावर यायची घाई होते. म्हणजे १८ तास लाइट देऊन आपण पाने नाही, धणे पिकवत असतो.

म्हणून खालचा क्रम. तो मोडू नका. बहुतेक जण तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

१. आधी पीक, मग जागा, लाइट सगळ्यात शेवटी

एका लाइटखाली एकाच स्वभावाची पिके ठेवा. कोथिंबीर, मेथी आणि विलायती पालक एका गटात. (आपला देशी पालक खरे तर बीटचा भाऊ. तो जरा सोशिक आहे, पण त्यालाही याच गटात धरा.) लेट्यूस आणि तुळस दुसऱ्या गटात. मिरची, वांगी, टोमॅटो यांची फक्त रोपे, तीही पाच-सहा आठवडे. फळ धरेपर्यंत मिरची घरात लाइटवर वाढवायचा हट्ट करू नका. तेवढा प्रकाश विजेवर देणे परवडत नाही, आणि इंदूरच्या गच्चीवर तो फुकट पडलेला असतो.

मग जागा मोजा, टेपने. ६० × ६० सेंटिमीटरचे टेबल आणि १२० × ३० सेंटिमीटरची फळी यांचे क्षेत्रफळ सारखेच, ०.३६ चौरस मीटर, पण दोन्हींना लागणारे लाइट वेगळे. चौकोनी जागेला पॅनेल, लांबट फळीला ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या.

खिडकीही बघून ठेवा. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दुपारचे ऊन खिडकीतून आत येतच नाही. डिसेंबरमध्ये तो खाली झुकतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट पलंगापर्यंत येतो. तुमची खिडकी दक्षिणेची असेल आणि समोर इमारत नसेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाइट लागणारच नाही. पैसे वाचवा.

२. प्रकाश किती हवा, हे कागदावर मांडा

दुकानात ‘वॅट’ विकतात, पण झाडाला वॅट कळत नाहीत. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. झाडापाशी दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती उपयोगी प्रकाश पोचतो ते मायक्रोमोलमध्ये मोजतात, त्याला पीपीएफडी म्हणतात. दिवसभरात मिळून जो प्रकाश जमतो तो डीएलआय. हिशेब सोपा आहे:

डीएलआय = पीपीएफडी × तास × ०.००३६

हे मोजायचे खास मीटर महाग असते. घरापुरते काम मोबाइलवर भागते. लक्स, म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड, मोजणारे ॲप घ्या, आणि लाइट पांढरा एलईडी असेल तर आलेल्या लक्सला ७० ने भागा. १४,००० लक्स म्हणजे साधारण २०० मायक्रोमोल. बारा तास लाइट चालला तर २०० × १२ × ०.००३६, म्हणजे ८.६ डीएलआय. कोथिंबिरीची सुरुवात इथून.

मी वापरते ते आकडे असे:

- मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापायची रोपे): ७,००० ते १०,००० लक्स, १२ तास
- कोथिंबीर, मेथी, पालक: १४,००० ते १७,००० लक्स, १२ तास
- लेट्यूस, तुळस: १४,००० ते १७,००० लक्स, १४ तास
- मिरची-वांग्याची रोपे: १४,००० ते २०,००० लक्स, १४ ते १६ तास

तुलनेला सांगते: भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लावलेल्या आपल्या बैठकीत दोन-तीनशे. बैठक आपल्या डोळ्यांना लख्ख वाटते, पण रोपाच्या हिशेबी तिथे अंधार असतो.

इशारा: जांभळ्या-गुलाबी लाइटखाली लक्सचे ॲप खोटे बोलते. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, आणि डोळा लाल-निळ्याला कमी मार्क देतो. त्या लाइटसाठी ७० चा भागाकार चालत नाही.

३. लाइट विकत घेणे

आता बाजार. साधा पांढरा लाइट घ्या, ४००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप). पालेभाजीला त्यात लाल, निळा, हिरवा सगळा पुरेसा मिळतो. जांभळ्या दिव्याने झाड मरत नाही, पण त्या रंगात पान पिवळे पडलेय की हिरवे आहे हे दिसत नाही, आणि दोष ओळखण्यातच अर्धे काम असते.

महारानी रोडवर एका दुकानदाराने मला खोका दाखवून सांगितले होते, “भिया लोग यही ले जाते हैं, हज़ार वॉट का है।” मी म्हटले, प्लग लावा आणि वॅटमीटर लावा. आकडा आला ९८. खोक्यावरचे हजार वॅट म्हणजे आतल्या सगळ्या एलईडींच्या कमाल क्षमतेची बेरीज. तो दिवा तेवढी वीज कधीच घेत नाही.

घेताना चारच गोष्टी विचारा. प्रत्यक्ष किती वॅट खातो? एका वॅटमागे किती मायक्रोमोल देतो? चांगल्या पांढऱ्या पॅनेलला साधारण २.५, त्यापेक्षा जास्त असेल तर उत्तमच; साध्या घरगुती एलईडी पट्टीला दीडच्या आसपास. ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवर, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? आणि धातूचे अंग असेल तर थ्री-पिन प्लग आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला येत नसेल तर लाइट ग्रो लाइट म्हणून नव्हे, सजावटीचा म्हणून धरा.

आता ०.३६ चौरस मीटरचा हिशेब. ४० वॅटचे चांगले पॅनेल सुमारे १०० मायक्रोमोल सोडते. त्यातला पाव भाग कडेने वाया जातो असे धरले तर ७५ उरतात. त्याला ०.३६ ने भागले की २०८. काम झाले. तोच प्रकाश साध्या चार फुटी, २० वॅटच्या एलईडी पट्ट्यांतून हवा असेल तर चार पट्ट्या लागतात, म्हणजे ८० वॅट. पट्ट्या स्वस्त पडतात, वीज दुप्पट खातात. रोज बारा तासांनी पॅनेलचे महिन्याला साधारण १४ युनिट, पट्ट्यांचे २९. युनिटला आठ रुपये धरले तर ११५ आणि २३० रुपये. आपल्या बिलातला दर घालून बघा.

तपासा: मध्य प्रदेशातल्या अटल गृह ज्योती योजनेची वीजबिलातली सवलत महिन्याला १५० युनिटांपर्यंतच मिळते. तुमचे बिल १३०-१४० वर रेंगाळत असेल तर चार पट्ट्यांनी ते मर्यादेबाहेर जाईल, आणि मग ती कोथिंबीर फार महाग पडेल.

४. टांगणे आणि वायरिंग

लाइट वर-खाली करता आला पाहिजे. याला पर्याय नाही. साखळी आणि एस-हुक, किंवा पडद्याची दोरी आणि खुंटी, काहीही चालेल. फक्त चिकटपट्टी नको. मी पहिल्या वर्षी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पट्टी फळीखाली लावली होती. जूनच्या पहिल्या दमट रात्री ती मेथीच्या ट्रेमध्ये उतरली. ट्रेला नुकतेच पाणी घातले होते. फ्यूज उडाला एवढ्यावरच निभावले.

वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोका घेऊन मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी थेंबाने गळते, सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड ट्रेच्या खाली कधीही ठेवू नका. भिंतीला, ट्रेपेक्षा उंच लावा. ड्रायव्हर लाइटच्या वर, मोकळ्या हवेत. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी तो बसवून घ्या, कारण पाणी आणि वीज इथे हातभर अंतरावर रोज भेटणार आहेत.

कडेच्या भिंतीला पांढरा चुना किंवा पांढरा कार्डबोर्ड लावा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लावायचा मोह होतो, पण ती चुरगळते आणि प्रकाश मधूनमधून एकाच जागी गोळा करते. पांढरा रंग प्रकाश सारखा पसरवतो.

५. बी पेरण्याआधी रिकाम्या ट्रेवर मोजणी

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. पॅनेल ट्रेच्या वर ३५ सेंटिमीटरवर टांगा, पट्ट्या असतील तर १५ ते २० सेंटिमीटरवर. खोलीतले बाकी दिवे बंद करा. लाइट १५ मिनिटे चालू ठेवा. मग मोबाइल ट्रेवर आडवा, पडदा वर करून ठेवा; प्रकाश मोजणारा सेन्सर बहुधा सेल्फी कॅमेऱ्याच्या शेजारी असतो, त्यावर बोट येऊ देऊ नका. मधोमध एक, चार कोपऱ्यांत चार, असे पाच आकडे कागदावर लिहा.

लोकमान्यनगरात एका काकूंकडे मी हे केले तेव्हा मधला आकडा २२,००० आला आणि कोपऱ्यातले ५,००० च्या घरात. लाइट छोटा, फार खाली टांगलेला. मधली कोथिंबीर बुटकी आणि कडक झाली होती, कोपऱ्यातली लांबुडकी. काकूंनी तोवर बी बदलून पाहिले होते, खत बदलून पाहिले होते, माळ्यालाही बोल लावला होता. लाइट दहा सेंटिमीटर वर नेला आणि कडेला पांढरा कार्डबोर्ड लावला. मध्ये १५,००० आणि कोपऱ्यांत ९,००० झाले. उरलेला फरक दर दोन दिवसांनी ट्रे फिरवून भरून निघतो.

तपासा: कोपऱ्याचा आकडा मधल्याच्या निम्म्याहून कमी असेल तर लाइट वर घ्या किंवा ट्रे लहान करा. पेरू नका.

६. पेरणी आणि पहिले दहा दिवस

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यातला खारटपणा जायला हवा. निम्मे कोकोपीट, निम्मे गांडूळखत. ट्रेला खाली भोके हवीतच.

धणे अख्खे पेरू नका. लाटण्याने हलक्या हाताने रगडून त्याच्या दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ ते बारा दिवस लागतात. मेथीला तीन-चार दिवस पुरतात. उगवायला या दोघांना लाइट लागत नाही, म्हणून लोक ट्रे झाकून ठेवतात आणि विसरतात. पहिली हिरवी मान मातीबाहेर दिसली की त्याच दिवशी लाइट चालू करा, “अजून सगळे उगवायचेत” म्हणत थांबू नका. अंधारात काढलेला एक जादा दिवस देठात कायमचा दिसतो. पुढे कितीही लाइट दिला तरी लांबलेला देठ आखूड होत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण प्रखरताही नको. लाइट मंद करता येत असेल तर ६० टक्क्यांवर, नसेल तर दीडपट उंचीवर टांगून सुरुवात करा आणि आठवडाभरात हळूहळू ठरलेल्या आकड्यावर आणा. रोपे वाढतील तसा लाइट वर घ्यायचा. माप ट्रेपासून नव्हे, सर्वांत उंच पानापासून घ्यायचे.

७. तास आणि टाइमर

कोथिंबीर-मेथीला १२ तास, त्यापेक्षा जास्त नाही. इंदूरचा जूनमधला दिवस साधारण साडेतेरा तासांचा, डिसेंबरमधला पावणेअकराच्या आसपास. आपली कोथिंबीर थंडीतच का भरघोस येते, याचे अर्धे उत्तर त्या लहान दिवसात आहे. प्रकाश कमी पडतोय असे वाटले तर तास वाढवू नका, लाइट जवळ आणा. लेट्यूस आणि मिरचीच्या रोपांना मात्र तास वाढवून चालतात. चोवीस तास कुणालाच नको.

हाताने बटण दाबून हे जमत नाही. पहिला आठवडा जमते, मग लग्न येते, सिनेमा येतो. टाइमर घ्या. गोल चकतीचा स्वस्त टाइमर मिळतो, पण त्याचा एक दोष दुकानात कुणी सांगत नाही: वीज गेली की चकतीही थांबते. मागच्या वर्षी आमच्याकडे दुरुस्तीसाठी रोज तासभर वीज जात होती. आठवड्याने रात्री पाणी प्यायला उठले, तर दीड वाजता फळीवर लख्ख उजेड. सकाळी सहाला लागायचा लाइट दुपारी दोनला लागत होता. आतली बॅटरी वेळ सांभाळते असा डिजिटल टाइमर घ्या, नाहीतर चकतीचा टाइमर दर रविवारी घड्याळाशी जुळवा.

इशारा: खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड आणि दिव्याचे तास एकमेकांवर बसवा. दिवसभर खिडकीचा उजेड आणि त्यानंतर संध्याकाळी सहा ते पहाटे सहा दिवा, म्हणजे झाडाला रात्रच उरत नाही.

८. उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात बाहेर ४० च्या वर असते, खोली ३४-३५ वर. त्यात लाइटची उष्णता. अशा वेळी कोथिंबीर लावायचीच नाही. ती फुलावर येईल. त्या दिवसांत मिरची-वांग्याची रोपे करा, म्हणजे पावसाच्या तोंडावर गच्चीवर लावायला तयार होतात. लाइट रात्री चालवा: संध्याकाळी सातला सुरू, सकाळी नऊला बंद. फक्त ही फळी खिडकीपासून लांब, दिवसा उजेड न पोचणाऱ्या जागी हवी.

पावसाळ्यात भीती उलटी. दमट हवा हलत नाही आणि कोवळी रोपे मातीलगत काळी पडून कोसळतात. एक छोटा पंखा, थेट रोपांवर नव्हे, पानांवरून नुसती झुळूक जाईल असा. पाणी वरून शिंपडू नका, ट्रेच्या खालच्या ताटलीत घाला आणि अर्ध्या तासाने उरलेले ओता.

धुळीचेही बघा. महिन्यातून एकदा लाइट बंद करून, प्लग काढून, गार झाल्यावर कोरड्या कपड्याने पुसा.

९. पान काय सांगते

देठ लांब, पाने लहान आणि विरळ: प्रकाश कमी. लाइट पाच सेंटिमीटर खाली, पुन्हा मोजा.

सर्वांत वरची पाने पांढुरकी किंवा कडेने वर वळलेली, खालची ठीक: प्रकाश जास्त किंवा लाइट फार जवळ. पानाच्या उंचीवर हाताची पालथी बाजू अर्धा मिनिट धरा. चटका वाटला तर उष्णता आहे, नाही वाटला तर प्रखरता.

खालची पाने पिवळी, वरची हिरवी: याचा लाइटशी बहुधा संबंध नसतो. पाणी जास्त झाले किंवा खत संपले. इथे लोक लाइट जवळ आणतात आणि दुखणे दुप्पट करतात.

कोथिंबिरीच्या मधून जाड देठ वर आला आणि पाने बडीशेपेसारखी बारीक झाली: ती फुलायला निघाली. देठ खुडून काही दिवस मिळतील, पण परत फिरणार नाही. तास आणि खोलीचे तापमान बघा, आणि नवा ट्रे पेरा.

एका वेळी एकच बदल करा आणि चार दिवस थांबा. लाइटही हलवला, खतही घातले, पाणीही कमी केले, तर बरे कशाने झाले ते कळत नाही.

१०. कापणी आणि रोपे बाहेर नेणे

कोथिंबीर उपटू नका. बाहेरची पाने कात्रीने कापा, मधला कोंब राहू द्या. दोन-तीन कापण्या मिळतात. एकाच वेळी सगळे ट्रे न पेरता दर बारा दिवसांनी एक पेरला तर घरात खंड पडत नाही.

मिरचीची रोपे एकदम गच्चीवर ठेवणे ही शेवटची आणि सर्वांत महागडी चूक. २०,००० लक्सवर वाढलेले रोप लाख लक्सच्या उन्हात एका दुपारीत पांढरे पडते. पहिले दोन दिवस सकाळी एक तास, सावलीच्या कडेला. मग रोज तासभर वाढवत, साधारण आठ-दहा दिवसांनी पूर्ण ऊन. सुरुवातीला वारा जोराचा असेल तर त्या दिवशी आतच ठेवा. ढगाळ आठवडा मिळाला तर तो सोडू नका, त्याच आठवड्यात हलवा.